आधी ऊब, मग दूध

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मांजरीची पिल्लं सापडू लागतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याचं कार्यक्षेत्र घ्या, वर्षभर उभा असलेला ऊस तोडणीची टोळी उतरली की एक-दोन दिवसांत आडवा होतो. त्या आडोशाला व्यायलेली मांजर कोयत्यांच्या आवाजानं पळते आणि डोळे न उघडलेली पिल्लं पाचटात उघडी पडतात. कुणी टोळीतलं पोर, कुणी ट्रॅक्टरवाला, कुणी शेताचा मालक ती उचलून वस्तीवर आणतो. हंगाम संपल्यावरही हे थांबत नाही. गोठ्यातल्या कडब्याच्या गंजीत, पत्र्याच्या शेडमध्ये, एसटी स्टँडमागच्या टपऱ्यांखाली उन्हाळा-पावसाळ्यात पिल्लं होतच असतात, आणि त्यातलं एखादं मान टाकलेलं, डोळे चिकटलेलं, मागून घाण झालेलं पिल्लू आपल्या दारी येतं.

अशा वेळी आपली पहिली धाव असते दुधाकडे. हा दुधाचा पट्टा, सकाळचं ताजं दूध घरात असतंच. वाटीत ओतायचं, पिल्लाचं तोंड बुडवायचं, नाही प्यालं तर चमच्यानं घालायचं. नेमकं हेच आजारी पिल्लाच्या जिवावर बेततं. अंग गार पडलेल्या पिल्लाची आतडी जवळजवळ थांबलेली असतात, पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथंच नासतं. गिळायची ताकद नसेल तर ते फुप्फुसात जातं. म्हणून आजारी पिल्लाच्या शुश्रूषेचा क्रम पाठ करून ठेवावा : आधी ऊब, मग पाणी आणि साखर, मग दूध. औषध त्यानंतर, आणि तेही डॉक्टरांच्या हातून.

उचलण्याआधी

पिल्लू धडधाकट, गुबगुबीत, झोपलेलं असेल तर ते बेवारस असेलच असं नाही. मांजर एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, आणि तुम्ही पाहता तेव्हा ती कदाचित पुढचं पिल्लू पोचवायला गेलेली असते. तोड चालू असेल तर पिल्लं अलगद जवळच्या बांधावर, सावलीत ठेवा, कुत्री दूर ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. माणसांची वर्दळ थांबल्यावर, बहुधा अंधार पडताना, आई परत येते. माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लू टाकून देते, हा समज खोटा आहे. मात्र पिल्लू गार लागत असेल, सतत ओरडत असेल, अंगावर मुंग्या किंवा माशा बसल्या असतील, जखम असेल तर वाट पाहू नका.

दुसरी शंका इथल्या शिवारात घ्यावीच लागते : हे पिल्लू पाळीव मांजराचंच आहे ना? उसात रानमांजर आणि वाघाटी दोन्ही वितात, आणि आता बिबट्याही उसात मुक्काम करतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचा भाग असो की इंदापूरकडचं कडबनवाडीचं माळरान, रानमांजर इथलं जुनं रहिवासी आहे. वाघाटीच्या पिल्लाच्या कपाळावर उभ्या रेषा आणि अंगावर ठिपक्यांच्या ओळी असतात. रानमांजराचं पिल्लू पिवळट-राखाडी, टोकदार कानांचं असतं. बिबट्याचं पिल्लू जाड पंजांचं आणि अंगानं भारी असतं. पण गावठी पट्टेरी पिल्लूही यांच्यासारखंच दिसू शकतं. खात्री नसेल तर हात लावू नका. लांबून फोटो काढा, त्या भागातली तोड थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे वनपरिक्षेत्र कार्यालयं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अशी पिल्लं घरी ठेवणं गुन्हा आहे. जुन्नर भागात तर उसात सापडलेली बिबट्याची आणि वाघाटीची पिल्लं माणिकडोहच्या निवारा केंद्राच्या मदतीनं त्याच शेतात ठेवून आईच्या स्वाधीन केली जातात. त्यामुळे त्यांना घरी आणून दूध पाजणं हा उपकार ठरत नाही.

वय आणि वजन

पुढचं सगळं वयावर अवलंबून आहे. डोळे बंद, कान चपटे आणि नाळेचा तुकडा लोंबत असेल तर पिल्लू दोन-चार दिवसांचं. डोळे साधारण आठ ते बारा दिवसांत उघडतात. पुढचे बारीक दात दिसू लागले आणि कान ताठ होऊ लागले तर तीन आठवड्यांच्या आसपास. नीट चालत, खेळत असेल तर चार आठवड्यांच्या पुढे.

वजन ग्रॅममध्ये घ्या. दूध, पाणी आणि औषध या तिन्हींचं माप त्यावरूनच ठरतं. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा नसेल तर किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर डबा ठेवून करता येतं. दूध संकलन केंद्रावरचा मोठा काटा यासाठी उपयोगाचा नाही, पाच-दहा ग्रॅमचा फरक त्याला कळत नाही. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढतं. चार आठवड्यांचं पिल्लू ४०० ते ४५० ग्रॅमच्या आसपास हवं. रोज एकाच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. लहान पिल्लाचं वजन एक दिवस वाढलं नाही तर सावध व्हा, घटलं तर डॉक्टर गाठा. पिल्लू खेळताना दिसतं, तोंड लावताना दिसतं, आणि तरी वजन उतरत असतं. डोळ्यांना न दिसणारं आजारपण काट्यावर आधी दिसतं.

ऊब

पहिल्या तीन-चार आठवड्यांत पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब नीट राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात तर त्याला कापरंही भरत नाही, ते नुसतं गार आणि निपचित होत जातं. डिसेंबर-जानेवारीतली उघड्या रानातली एक रात्र त्याला पुरते.

हाताला पोट गार लागलं, तोंडात करंगळी घातल्यावर आतूनही गार लागलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून ऊब द्यायची. डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला खोबरेल लावून गुदद्वारातून, अगदी थोडंसं आत घालून तापमान घ्या. पहिल्या आठवड्यात ९६ ते ९८ अंश फॅरनहाइट, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १००, आणि चार आठवड्यांनंतर १०० ते १०२.५ हे ठीक. ९५ च्या खाली असेल तर तोंडानं दूध मुळीच द्यायचं नाही.

ऊब देण्याची सोपी साधनं घरातच आहेत. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात एका कडेला ठेवा. किंवा मूठ-दोन मूठ ज्वारी तव्यावर गरम करून जाड मोज्यात भरा आणि गाठ मारा. तान्ह्या बाळाला शेक देताना पुरचुंडी आपण आधी आपल्या गालाला लावून पाहतो, तशीच इथंही पाहायची. गालाला सुखद वाटली तर पिल्लाला चालेल. साधा ४० वॉटचा पिवळा बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यावर हातभर उंचीवर लावला तरी काम होतं. पोल्ट्रीवाल्यांना ही रीत ठाऊकच आहे. पण रात्री शेतीच्या फीडरवरची वीज जाते, म्हणून बल्ब असला तरी बाटली तयार ठेवा.

तीन गोष्टी जपा. एक, खोक्याचा अर्धा भाग ऊब नसलेला ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकू शकेल. हलता न येणाऱ्या पिल्लाला तुम्हीच कूस बदलून द्या. दोन, ऊब हळूहळू, तासा-दोन तासांत द्या. चुलीपुढे धरणं, हेअर ड्रायर लावणं किंवा कडकडीत पाण्याची बाटली थेट अंगाला लावणं यानं चटका बसतो आणि हृदयावरही ताण येतो. तीन, पिल्लू ओलं असेल तर आधी कोरडं करा. मळलेलं असलं तरी या अवस्थेत आंघोळ नको.

खोक्यातली हवा पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २७ ते २९ आणि नंतर २५ च्या आसपास असावी. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. पत्र्याच्या घरात दुपारी खोकं भट्टीसारखं तापतं. तेव्हा ते मातीच्या भिंतीच्या, कौलारू किंवा स्लॅबच्या खोलीत जमिनीलगत ठेवा.

पाणी आणि साखर

अंग कोमट झालं, पण पिल्लू अजून मलूल असेल, मान डुगडुगत असेल, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. पाव कप कोमट पाण्यात एक चमचा ग्लुकोज पावडर किंवा साखर विरघळवा आणि बोटानं दोन-चार थेंब हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा करा. थोड्या वेळानं पिल्लू जीभ फिरवू लागतं.

जुलाब आणि उलट्यांमुळे पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी संपल्यानं. हिरड्यांना बोट लावून पाहा. ओलसर, निसरड्या असतील तर ठीक, चिकट लागल्या तर पाणी कमी झालं आहे. लहान पिल्लाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. ती गडद पिवळी दिसली तर तीही पाणी कमी पडल्याची खूण.

गिळता येत असेल आणि उलटी होत नसेल तर मेडिकलमधून आणलेलं ओआरएस द्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्णच मिसळायचं. अंदाजानं चिमूटभर घालून केलेलं द्रावण चुकीचं होतं. सुई काढलेल्या लहान सिरिंजनं, गालाच्या कडेनं, थेंब-थेंब, दहा-पंधरा मिनिटांनी एक मिलिलिटर असं सुरू ठेवा. उलटी होत असेल किंवा पिल्लू गिळत नसेल तर घरी प्रयोग नको. डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात, आणि पिल्लाच्या बाबतीत तेच सगळ्यात लवकर लागू पडतं.

मग दूध

मांजरीच्या दुधात गायीच्या दुधाच्या साधारण दुप्पट प्रथिनं असतात. गायीच्या दुधातली दुग्धशर्करा पिल्लाला पचत नाही, जुलाब लागतात, आणि आधीच आजारी पिल्लू आणखी सुकतं. पिल्लांसाठी पावडर रूपात दूध मिळतं. बारामतीत पाळीव प्राण्यांच्या दुकानात विचारा, नसेल तर पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवा. ते हाती येईपर्यंत एखादा दिवस शेळीचं दूध उकळून, कोमट करून चालवून घ्यावं. वस्तीवर शेळी सापडायला इथं अडचण नाही. जर्सी किंवा होलस्टीनचं दूध पाणी घालून पातळ केलं तर त्रास टळत नाही, पोषण तेवढं कमी होतं.

माप असं : दिवसभरात दर १०० ग्रॅम वजनाला सुमारे २० मिलिलिटर, आणि एका वेळी १०० ग्रॅमला चार मिलिलिटरहून जास्त नाही. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला सुमारे ६० मिलिलिटर, एका वेळी फार तर १२, म्हणून पाच-सहा वेळा. आजारी असेल तर यापेक्षा कमी मापानं, जास्त वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्या आठवड्यात चार-पाच तासांनी. पोट गोल दिसावं, ढोलासारखं ताणलेलं नको.

पाजताना पिल्लू पोटावर, चारही पाय खाली टेकलेलं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच धरायचं नाही. दूध मनगटावर कोमट लागलं पाहिजे. पिल्लानं ओढावं, आपण दाबू नये. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करून नाक पुसा. त्यानंतर श्वास घरघरू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर. पाजल्यावर तोंड-मान पुसून कोरडी करा. सिरिंज, बाटली गरम पाण्यानं धुऊन उकळा.

तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक वेळी पाजण्याआधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मागच्या बाजूला हलके फिरवा. लघवी दर वेळी व्हावी, शी दिवसातून एकदा तरी. पोट फुगलेलं आणि दोन दिवस शी नाही, तर दूध वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.

चार आठवड्यांच्या पुढच्या पिल्लाला मऊ अन्न सुरू करता येतं. उकडलेलं चिकन बारीक करून त्याच्याच पाण्यात कालवलेलं, किंवा भिगवणच्या बाजारातली चिलापी उकडून, काटे नीट काढून. मीठ, मसाला, कांदा, लसूण यातलं काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक असतात. कच्चं चिकन, कोंबडीची आतडी-पिसं, मेलेली कोंबडी तर पिल्लासमोर येऊच देऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मांजरांना बर्ड फ्लूची लागण झाली होती. पोल्ट्रीच्या आपल्या पट्ट्यानं हे लक्षात ठेवलेलं बरं.

कोणता आजार, किती घाई

सर्दी : शिंका, वाहणारं नाक, चिकटलेले डोळे, तोंडात फोड. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही तर ते खात नाही. पाव लिटर पाणी उकळून त्यात अर्धा सपाट चमचा मीठ घाला, कोमट झाल्यावर कापूस बुडवून डोळ्यांची चिपडं भिजवून, आतून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ करा आणि पिल्लाला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसा. भांड्यातल्या वाफेवर तोंड धरू नका. घरात उरलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळाची जखम वाढून डोळा जाऊ शकतो. डोळे न उघडलेल्या पिल्लाच्या पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तर तो त्याच दिवशी डॉक्टरांचा विषय आहे.

जुलाब : पिल्लू खेळतं, खातं, आणि शी फक्त पातळ आहे, तर दूध किंवा खाणं बदलल्यानं किंवा जंतांमुळे असू शकतं. पोट नगाऱ्यासारखं आणि बाकी अंगाचा सांगाडा, हे जंतांचं चित्र. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी देतात, पण वजनाच्या मापानं आणि पिल्लाला चालणारंच. शीचा ताजा नमुना डबीत घेऊन जा.

पॅनल्यूकोपेनिया : सगळ्यात घाईचा आजार हा. एकाएकी खाणं बंद, उलट्या, ताप, घाण वासाचे किंवा रक्ताचे जुलाब, पाण्याच्या वाटीपाशी मान टाकून बसणं. विषाणू आतड्यांवर आणि पांढऱ्या पेशींवर हल्ला करतो, उपचार नसतील तर लस न घेतलेली बहुतेक पिल्लं काही दिवसांतच जातात. त्याला मारणारं औषध नाही, पण सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं वेळेत मिळाली तर पिल्लू वाचू शकतं. संध्याकाळी लक्षणं दिसली तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. हा विषाणू जमिनीत, अंथरुणात वर्षभरही टिकतो, आणि फिनेलनं किंवा डेटॉलनं मरत नाही. खोकं, कापड जाळून टाका आणि फरशी आधी धुऊन मग सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, पाण्यानं पुसा. साध्या ब्लीचचा एक भाग, पाणी तीस भाग, आणि दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्या.

पिसवा : हिरड्या पांढऱ्याफटक, पिल्लू सुस्त, केसांत काळी भुकटी. ती ओल्या कापसावर तांबडी उतरली तर पिसवांची विष्ठा. लहान पिल्लाचं रक्त पिसवा इतकं शोषतात की त्यानंच ते दगावतं. आधी अंग उबदार आहे याची खात्री करा, मग मानेपासून खाली कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, उवांच्या बारीक फणीनं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका, लगेच कोरडं करून उबेत ठेवा. तोंडावरच्या पिसवा फणीनंच काढा. हिरड्या पांढऱ्या असतील तर डॉक्टर त्याच दिवशी.

गोठ्यातलं कपाट बंद ठेवा

आपल्या घरांत जनावरांची औषधं असतातच, आणि ‘थोडंसं दिलं तर काय होतं’ हा विचारही. मांजराचं यकृत कित्येक औषधं निष्प्रभ करू शकत नाही, आणि पिल्लाचं तर त्याहून नाजूक.

पॅरासिटामोल मुळीच नाही. क्रोसिन, डोलो, काहीही नावानं असो. मोठ्या मांजराला एक गोळी मारक ठरते, पिल्लाला तिचा कपचासुद्धा. हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅकही नको.

गायी-म्हशींच्या गोचिडांवर वापरतात ती डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझची औषधं पिल्लाच्या अंगाला लागता कामा नयेत. कुत्र्यांची पिसवांची पावडर आणि थेंबही नाहीत, त्यांत परमेथ्रिन असू शकतं. फवारलेल्या गायीच्या अंगाखाली किंवा ओल्या गव्हाणीत पिल्लू बसणार नाही हे पाहा. जनावरांचं आयव्हरमेक्टिन पिल्लाला टोचून घेऊ नका. थरथर, लाळ, झटके दिसले आणि असं काही लागल्याची शंका असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं अंग धुऊन, कोरडं करून, औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात निघा.

रॉकेल, कडुनिंबाचं तेल, डांबरगोळ्या, जखमेवर तंबाखू-चुना, डेटॉलचं पाणी : हे सगळे घरगुती उपाय पिल्लाच्या कातडीतून अंगात आणि चाटण्यातून पोटात जातात. जखम मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्यानं धुणं एवढंच घरी करायचं.

डॉक्टरांकडे

आपल्या भागातली पशुवैद्यकीय व्यवस्था दुभत्या जनावरांभोवती उभी आहे. गावोगावी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, तालुक्याच्या ठिकाणी लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तिथले डॉक्टर दिवसभर चारशे-पाचशे किलोच्या गायी पाहतात, तुमचं पिल्लू चारशे ग्रॅमचं असतं. म्हणून जाताना अचूक वजन, तापमान, अंदाजे वय, शेवटचं कधी खाल्लं, किती उलट्या-जुलाब, काय-काय दिलं हे कागदावर लिहून न्या. त्या कागदामुळे औषधाचा डोस ठरवायला डॉक्टरांना फार मदत होते. बारामती शहरात कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे खासगी दवाखानेही आहेत. निघण्याआधी फोन करून मांजर पाहतात का, सलाईनची सोय आहे का, विचारा. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा आहे. त्यांचा भर मोठ्या जनावरांवर असला तरी रात्री-अपरात्री जवळ कोण उपलब्ध आहे, एवढं विचारायला तो उपयोगी पडू शकतो. गुंतागुंतीचं दुखणं असेल तर फलटण-लोणंदमार्गे शिरवळ गाठता येतं. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मोटारसायकलवरून नेताना पिल्लू शर्टात किंवा डिकीत नको. भोकं पाडलेलं बुटांचं खोकं, तळाला टॉवेल, कडेला गुंडाळलेली गरम बाटली, आणि ते खोकं मागे बसणाऱ्याच्या मांडीवर, वारा लागणार नाही असं. दवाखान्यात पोचेपर्यंत पिल्लू पुन्हा गार पडलं तर घरची सगळी मेहनत वाया जाते.

घरातल्या माणसांसाठी

पिल्लाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, आणि पाजण्याआधीही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजच्या लसीसाठी जा. हळद-चुना भरू नका. रानात सापडलेल्या पिल्लाची पूर्वपीठिका कुणालाच माहीत नसते. गरोदर बाईनं मांजराची शी साफ करू नये, ते काम घरातल्या दुसऱ्यानं करावं. पिल्लाच्या अंगावर गोल, केस गळालेले चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते लहान मुलांना लागतं. घरात आधीचं मांजर असेल तर नव्या पिल्लाला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, वाट्या आणि कापडं वेगळी.

सावरल्यानंतर

खाऊ लागलं, वजन रोज चढतंय, हिरड्या गुलाबी आहेत, म्हणजे धोका टळत आला. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीच्या दोन विषाणूंवरची एकत्रित लस सुरू करा, आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. लसीच्या वेळी पिल्लू आजारी नसावं.

सगळं नीट करूनही काही पिल्लं जातात. आईचं पहिलं चिकाचं दूध न मिळालेल्या, रात्रभर गार पडलेल्या पिल्लाच्या बाबतीत हे कुणाच्याही हातात नसतं. तसं झालं तर घरापासून आणि विहिरीपासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरा. उलट्या-जुलाबांनी गेलं असेल तर त्या घरात लस न झालेलं दुसरं पिल्लू वर्षभर आणू नका.

आणि जगलं तर पाचव्या-सहाव्या महिन्यात शस्त्रक्रियेचं डॉक्टरांना विचारा. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदा पिल्लं देते. वस्तीवरच्या आईलाही पकडून नेता आलं तर तिचीही करून घ्या. उबेच्या बाटल्या आणि रात्रीचं जागरण कमी करणारा यापेक्षा खात्रीचा दुसरा उपाय नाही.